उरलेले ब्याऐंशी किलोमीटर

बायको ते मला ऐकू जावं म्हणून बोलली नव्हती, आणि खरा त्रास तोच होता. गुरुवारी संध्याकाळी कामावरून येऊन मी दाराशी वाकून बूट काढत होतो. ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून तिच्या धाकट्या भावाशी फोनवर बोलत होती. "अरे बाळ, त्याला नको विचारूस," ती म्हणाली. "तो कुठलीही गोष्ट अर्ध्यावर आणून ठेवतो. मला सवय झालीये, तुझी कशाला फजिती?" आणि हसली. चिडून बोलली असती तर मला उत्तर देता आलं असतं. पण गळक्या नळाबद्दल बोलावं तशी ती बोलली, जो नळ दुरुस्त करून घ्यायचं आता कोणाच्या मनातही येत नाही, खाली बादली ठेवली की झालं. एक बूट हातात, एक पायात, असा मी तिथेच उभा राहिलो. मग दार मुद्दाम पुन्हा उघडून आपटलं. "आलास?" तिनं आतून विचारलं. "आलो," मी म्हटलं. जेवताना ती शेजारच्या इमारतीतल्या लिफ्टबद्दल काहीतरी सांगत होती आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. त्याच तोंडातून ते वाक्य बाहेर पडलं होतं आणि त्याची तिला आता आठवणसुद्धा नव्हती.

मी दात बनवतो. दंतवैद्य लोकांच्या तोंडाची मापं घेऊन पाठवतात, आम्ही त्यांवरून प्लॅस्टरचे साचे काढून कवळ्या आणि कॅपा तयार करतो आणि परत पाठवतो. ज्या तोंडात ते दात जाणार ते तोंड मला कधी दिसत नाही. तेवीस वर्षं खिडकीपासून तिसऱ्या टेबलाशी, दिव्याखाली मान घालून हेच चाललंय. कोण झोपेत दात खातं ते मला साच्यावरून कळतं, कारण सुळे झिजून सपाट झालेले असतात. शुक्रवारी सकाळी कोणा बाईंच्या खालच्या जबड्यावर मेण चढवताना माझ्या लक्षात आलं की माझाच जबडा ठणकतोय. रात्रभर मी ते वाक्य चावत होतो. बरं, त्यात खोटं काय होतं? पोहायला शिकत होतो, पाण्यावर तरंगता यायला लागल्यावर जाणं बंद केलं. एक परकी भाषा शिकत होतो, भूतकाळापर्यंत पोचलो आणि क्लास सोडला. भविष्यकाळ मला त्या भाषेत आजही येत नाही. स्वतःची लॅब काढली होती. खोली घेतली, भिंती हातानं रंगवल्या, भट्टी बसवली आणि सातव्या महिन्यात परत जुन्या मालकाकडे गेलो. मालकानं माझं टेबल दुसऱ्या कोणाला दिलेलं नव्हतं. "मला माहीत होतं तू येशील," तो म्हणाला होता. प्रेमानंच म्हणाला होता. माझ्या बाबतीत सगळे प्रेमानंच बोलतात, दिवा जरा खाली ओढून देतात, आणि मी मान घालून कामाला लागतो.

जेवणाच्या सुट्टीत मी बाळला फोन लावला. बाळ म्हणजे माझा मेव्हणा. अडतीस वर्षांचा, सहा फूट उंच, जमीन मोजणीचं काम करतो, तरी घरात सगळे त्याला अजून बाळच म्हणतात. सुट्टी आली की सायकलला तंबू आणि पिशव्या बांधून तो डोंगरात जातो आणि डांबरी रस्ता दिसला की नाक मुरडतो. या खेपेला त्यानं दोनशे बारा किलोमीटरचा एक फेरा आखला होता. शहराबाहेरच्या क्रीडांगणापासून निघायचं, दोन दिवस कच्च्या वाटांनी फिरून त्याच जागी परत यायचं. त्याच्या नेहमीच्या जोडीदाराला ऐन वेळी कामावर बोलावलं होतं, म्हणून तो सोबत शोधत होता. "मी येतो," मी म्हटलं. पलीकडे जरा शांतता पसरली. "भाऊजी, चढ बराच आहे हं." "मग?" "नाही, मग काय, मस्तच! या ना." त्या 'मस्तच'च्या आधीच्या शांततेत त्याच्या बहिणीचं वाक्य ऐसपैस बसलेलं मला स्पष्ट दिसलं. माझ्याकडे जाड टायरांची सायकल होती. चार वर्षांपूर्वी हौसेनं घेतलेली, तेव्हापासून गॅलरीत उभी, हँडलवर टॉवेल वाळत घालायला सोयीची. संध्याकाळी बायकोला सांगितलं तेव्हा मी तिच्या चेहऱ्याकडे टक लावून होतो. ती म्हणेल, नको, तुला झेपणार नाही, की मी भांडायला मोकळा. ती म्हणाली, "बरं. जाड मोजे वरच्या कप्प्यात आहेत." स्टुलावर चढून स्वतःच काढून दिले. सायकलवरचे टॉवेलही तिनंच उचलले.

शनिवारचा पहिला तास बरा गेला. मग आठवड्यात पडलेल्या पावसाचा चिखल लागला. हा चिखल साधा नव्हता, चिकणमातीचा होता. तो टायरला चिकटायचा, टायर आणि चौकटीच्या मध्ये भरून बसायचा आणि चाक फिरायचंच बंद व्हायचं. उतरायचं, काडीनं माती खरवडायची, पन्नास पावलं जायचं, पुन्हा उतरायचं. सीटमागची माझी पिशवी एका बाजूला कलायची आणि तिचा पट्टा प्रत्येक खड्ड्यात मांडीवर फटका द्यायचा. बाळनं तीनदा तो बांधून दिला. तिन्ही वेळा म्हणाला, "माझंच चुकलं भाऊजी, मी नीट आवळला नव्हता." चूक माझी होती, पट्टा मी बांधला होता, पण तो मला एक चूकसुद्धा पदरात पाडून घेऊ देईना. चढ आला की तो बघता बघता पुढे जायचा आणि मी सायकल ढकलत, घाम डोळ्यांत घेत वर पोचायचो तेव्हा डोंगराकडे तोंड करून उभा असायचा. "जरा फोटो काढत होतो," म्हणायचा. संध्याकाळपर्यंत निदान नऊ वेळा त्यानं फोटो काढले. फोन मात्र एकदाही त्याच्या हातात दिसला नाही. तो थांबला नसता, सरळ निघून गेला असता, 'काय राव, चला की लवकर' असं खेकसला असता, तर माझा दिवस सुखात गेला असता. समजूतदार माणसाच्या मागून सायकल ढकलण्यासारखी शिक्षा नाही. पवनचक्क्यांच्या पठारावर वारा समोरून आला. तिथे पायडल मारूनसुद्धा सायकल जागची हलेना आणि डोक्यावर ती भलीमोठी पाती निवांत, एका लयीत फिरत होती. तेवढी ताकद मला कोणी उसनी दिली असती तर, असं काहीतरी मी स्वतःशी पुटपुटत होतो. मग कळलं की मी मोठ्यानं बोलतोय आणि बाळ मागे वळून बघतोय. "काही म्हणालात?" "नाही."

दिवस मावळायच्या सुमारास, एकशे चार किलोमीटर झाल्यावर, आम्ही एका तलावाच्या काठी तंबू ठोकला. बाळनं गॅसच्या चिमुकल्या शेगडीवर सूप गरम केलं. माझी बोटं इतकी आखडली होती की कप दोन्ही तळव्यांत दाबून धरावा लागत होता. "छान चालवलीत आज," तो म्हणाला. मी सूपचा घोट घेतला. मग न राहवून विचारलं, "तुझी ताई काय म्हणाली रे, मी येतोय म्हटल्यावर?" त्यानं सूप ढवळलं. "काही नाही. काळजी घे म्हणाली." "कोणाची?" "दोघांची, अजून कोणाची!" खोटं बोलताना त्याचा डावा कान लाल होतो, लहानपणापासून, असं बायको सांगते. उजेड कमी होता, मला कान दिसला नाही. तंबूत आडवा झाल्यावर डोळे मिटले तरी खाली जमीन पुढे सरकतच होती, दगड, चाकोरी, दगड. फेऱ्याची एक गंमत आहे, बाळनं नकाशा दाखवताना सांगितली होती ती. निम्मं अंतर ओलांडलं की मागे फिरणं जास्त लांबचं पडतं, मग पुढे जाण्यावाचून इलाज नसतो. उद्या सकाळी दोन किलोमीटर गेलो की मी त्या पलीकडे असणार होतो. एवढ्या विचारानंच मला बऱ्याच दिवसांत लागली नव्हती अशी झोप लागली.

रविवारी सकाळी पाय मोकळे होते. का कोण जाणे, पण होते. पहिले वीस-पंचवीस किलोमीटर मी बाळच्या मागे दहा हातांवर टिकून होतो, आणि साडेदहाच्या सुमारास एका जुन्या खडीच्या खाणीकडून खाली जाणारा लांब उतार लागला तेव्हा मला वाटलं, याच्या पुढे जावं. दोन दिवसांत एकदा तरी. एकदा तरी मी खाली उभा राहीन, डोंगराकडे तोंड करीन आणि म्हणेन, फोटो काढत होतो. वाट अरुंद होती, मधोमध पाण्यानं कापलेली खोल चाकोरी. मी ब्रेक सोडले. दगड उडत होते, हँडल हातात थरथरत होतं, आणि मी मागून ओरडलो, "बाजू! बाजू!" बाळनं ऐकलं. तो ऐकणारच, तो सगळ्यांचं ऐकतो. तो डावीकडे झाला, मी उजवीकडून सुसाट गेलो, आणि मागे एक आवाज झाला. मोठा नव्हता. भरलेली पिशवी जमिनीवर टाकावी तसा. मी तरी ऐंशी-नव्वद पावलं खाली जाऊन थांबलो. त्याचं पुढचं चाक चाकोरीत गेलं होतं.

तो बसला होता. तोंडाला माती, हेल्मेटला चीर, आणि उजवा हात त्यानं डाव्या हातानं पोटाशी धरला होता, जणू दुसऱ्या कोणाचा हात त्याच्याकडे सांभाळायला दिलाय. "मीच घसरलो," तो म्हणाला. मी काही विचारायच्या आधीच. "हाताला काय झालं?" "खांद्यात काहीतरी कट्‌कन वाजलं." चेहरा पांढराफटक झाला होता. फोनला रेंज नव्हती. मी त्याला पाणी पाजलं, सायकली वाटेच्या कडेला घेतल्या, आणि आम्ही पायी उतरत खाणीच्या रस्त्यावर आलो. अर्ध्या तासात एक गाडी आली, मागे उघडा हौदा असलेली. चालवणारी बाई जनावरांची डॉक्टर होती, कुठल्या तरी गोठ्यावरून परतत होती. खाली उतरून तिनं बाळचा शर्ट बाजूला केला, दोन बोटांनी चाचपलं, म्हणाली, "हासळीचं हाड मोडलंय. मी गाई-म्हशी बघते, पण हाड ते हाड. इथून तासाभरावर गावात दवाखाना आहे, सोडते." त्याला तिनं सावकाश वाकवून पुढे बसवलं. मग माझ्याकडे वळली. "सायकली मागे टाका. तुम्ही या इकडून, पुढे तिघं बसतो आरामात."

सीटवर एक रजिस्टर आणि दोरीचं भेंडोळं होतं. तिनं ते उचलून पायाशी ठेवलं. जागा झाली. चांगली ऐसपैस जागा झाली. मी बाळची सायकल हौद्यात चढवली, औषधांच्या खोक्यांना टेकवून बांधली. मग माझ्या सायकलीला हात घातला, आणि ती उचलवेना. म्हणजे उचलता आली असती. एकशे तीस किलोमीटर झाले होते. उरलेले ब्याऐंशी. मी तसाच हँडल धरून उभा राहिलो. खिडकीतून बाळनं बघितलं आणि त्याला कळलं. "भाऊजी," तो म्हणाला, "तुम्ही जा. पूर्ण करा. मला काही झालेलं नाही, मी करतो सगळं मॅनेज." दात दुखतोय आणि दुखत नाही म्हणतोय असा त्याचा आवाज होता. मी म्हणायला हवं होतं, वेडा आहेस का. मी म्हटलं, "नक्की?" बाईनं आमच्याकडे आळीपाळीनं बघितलं. "कोण लागतो हा तुमचा?" "मेव्हणा." "बरं," ती म्हणाली. एवढंच. दार लावलं आणि गाडी गेली.

त्या 'बरं'शी मी पुढचे वीस किलोमीटर भांडलो. बाई, तुम्हाला काय ठाऊक? तो स्वतः म्हणाला जा. मी येऊन करणार काय होतो, हाड मी बसवणार होतो? तुम्ही होतात की, डॉक्टर आहात, गाईंच्या का असेना. शिवाय तिथे दवाखान्यात बाकावर बसून मी भिंत बघितली असती, त्यानं कोणाचं हाड जुळतं? चढ होता आणि ऊन वर आलं होतं. आता वर कोणी थांबलेलं नव्हतं. कालपासून मला हेच हवं होतं, आणि प्रत्येक टेकाडावर पोचल्यावर मी आपोआप त्याची पाठ शोधत होतो आणि ती दिसली नाही की संतापत होतो. चेन पडली. लावली. पुन्हा पडली. मागचा गिअर पडताना वाकला असावा. कोण पडलं होतं? मी तर पडलो नव्हतो. चिखलात मघाशी आडवी टाकली तेव्हा वाकला असेल. मी सायकलला एक लाथ घातली आणि तिच्या लोखंडानं माझ्या नडगीचं साल काढलं. एका दगडावर बसून ते रक्त बघत राहिलो. माशी आली, बसली. आयुष्यात कधी नाही ते एक काम मी शेवटाला न्यायचं म्हणतोय, आणि त्यात एक माणूस, एक बाई, एक माशी, सगळे आडवे!

तिथे, त्या दगडावर, मला तो अर्ज आठवला. आठवला कसलं, तो कधी विसरला नव्हताच, खणात होता. सहा वर्षांपूर्वी आम्ही मूल दत्तक घ्यायचं ठरवलं होतं. म्हणजे तिनं ठरवलं आणि मी मान हलवली. एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर ते ऑफिस होतं. तीन खेपा झाल्या. तिथल्या बाई घरी येऊन खोल्या बघून गेल्या, खिडक्यांना गज आहेत का, औषधं कुठे ठेवता, मूल आजारी पडलं तर रजा कोण काढणार. मी म्हटलं, मी काढेन. मग शेवटचा दोन पानी अर्ज आला, दोघांनी वेगवेगळा भरायचा. दुसऱ्या पानावर एकच प्रश्न होता, 'तुम्हाला मूल का हवं आहे?' आणि खाली पाच रेघा. तिनं तिच्या पाच रेघा भरल्या आणि जागा पुरली नाही म्हणून समासात उभं लिहिलं. मी पेन घेऊन बसलो. मूल नको होतं असं नाही. पण लिहायला गेलो की जे सुचे ते दुसऱ्या कोणाचं तरी वाटे, परक्या तोंडाचं माप. "उद्या भरतो," मी म्हटलं. अर्ज जेवणाच्या टेबलावरून टीव्हीखाली गेला, टीव्हीखालून खणात. तिनं आठवड्यानं विचारलं. महिन्यानं विचारलं. मग एकदा विचारायचं थांबली, आणि मी सुटल्यासारखा मोठा श्वास सोडला. घर लहान आहे. तिला तो ऐकू गेला असणार. त्यावर आम्ही आजवर बोललेलो नाही. ती ओट्याला टेकून बाळला जे म्हणाली ते सायकलबद्दल नव्हतंच, आणि हे मला गुरुवारी दाराशीच कळलं होतं, एक बूट हातात असताना. सायकलबद्दल आहे असं धरून चाललं तर निदान काहीतरी करता येत होतं, म्हणून मी तसं धरून चाललो होतो.

हे सगळं असं स्वच्छ समजल्यावर माणूस उठून माघारी फिरेल. मीही उठलो. एकशे अठ्ठावन्न किलोमीटरवर कच्ची वाट एका डांबरी रस्त्याला छेदते. पाटीवर त्या गावाचं नाव होतं, जिथे दवाखाना होता. नऊ किलोमीटर, उतार. तिथे मी उभा राहिलो, रेंज आली आणि खिशात फोन थरथरायला लागला. थांबेचना. अकरा फोन येऊन गेलेले, सगळे बायकोचे, पहिला पाऊण वाजताचा. म्हणजे तिला कळलं होतं. मी फोन हातात धरून तिचं नाव बघत होतो. लावला तर ती म्हणेल, ये. ये म्हटल्यावर जावं लागेल, आणि गेलो की हाही अर्ज खणात. डांबरी रस्ता गुळगुळीत होता, पायांना तो कळत होता. मी फोन पिशवीत तळाशी मोज्यांमध्ये खुपसला आणि समोरच्या वाटेनं चढाला लागलो. चढताना मी रडत होतो की घाम होता हे सांगता यायचं नाही. शिव्या मात्र देत होतो, मोठ्यांदा, आणि त्या मलाच होत्या की तिला, हेही नीटसं कळत नव्हतं.

पुढचे चोपन्न किलोमीटर कसे गेले त्याचं वर्णन करण्यासारखं काही नाही. पाणी संपलं, एका शेताच्या पंपावर भरलं. केळ्याचा पिशवीत लगदा झाला होता, तो बोटांनी खाल्ला. एका ठिकाणी कुत्रं मागे लागलं आणि मी पळालोसुद्धा नाही. तेच कंटाळून परत गेलं. सव्वासातला मी क्रीडांगणाच्या फाटकाशी पोचलो. शनिवारी जिथून निघालो होतो त्या खांबाला पुढचं चाक टेकवलं. दोनशे बारा. मला वाटलं होतं काहीतरी होईल, छातीत एखादी गाठ सुटेल, मी हसेन. फाटकाला कुलूप होतं. पहारेकरी खुर्ची आत नेत होता. "ग्राउंड बंद झालं साहेब." "मला आत नाही जायचं." "मग? काही विसरलात का इथे?" मोज्यांतून फोन काढून मी बायकोला लावला. एका रिंगमध्येच उचलला. "कुठे आहेस तू?" आवाज चिरकला होता. ती बाळला त्या गावातून गाडीनं शहरात घेऊन आली होती. हॉस्पिटलचं नाव सांगितलं. चार किलोमीटर होतं. दिवे लागलेल्या रस्त्यांवरून, चिखलानं माखलेला, मी सायकलवरच गेलो. सिग्नलला थांबलो की लोक गाडीच्या काचा वर करत होते.

चौथ्या मजल्यावरच्या खोलीत बाळ उशांना टेकून होता, हात झोळीत. बायको दारातच होती. तिनं मला बघितलं आणि पुढे येऊन तशीच मिठी मारली, तिच्या कुडत्याला माझा सगळा चिखल लागला. "दुपारपासून जीव नुसता टांगणीला लागलाय," ती माझ्या खांद्यात म्हणाली. "बाळ म्हणाला गाडीत जागाच नव्हती. तुला एकट्याला त्या खाणीपाशी सोडून यावं लागलं म्हणून सारखं वाईट वाटून घेतोय. मी चार ठिकाणी फोन केले, कोणाला तरी पाठवा म्हणून. फोन का नाही लागला तुझा? आलास कसा?" तिच्या डोक्यावरून मला बाळ दिसत होता. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याचा डावा कान लाल होता. डोळ्यांनी सांगत होता, घ्या ना भाऊजी, बांधून दिलाय पट्टा. खरं काही बोलायची गरज नव्हती. 'एका ट्रकवाल्यानं सोडलं' एवढं म्हटलं की मी घरी जाऊन गरम पाण्यानं आंघोळ करणार होतो. आणि मग दोनशे बारा किलोमीटर कधी झालेच नाहीत. बाळनं त्याच्या चांगुलपणानं तेही माझ्याकडून काढून घेतले होते. मला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याच वेळी वाटलं याच्या पायाशी जाऊन बसावं.

"जागा होती," मी म्हटलं.

"काय?"

"गाडीत. पुढच्या सीटवर. त्या बाई ये म्हणत होत्या. मी बसलो नाही."

"भाऊजी, कशाला..." बाळ म्हणाला.

बायको मागे झाली. तिच्या गालाला माझी माती लागली होती. "मग?"

"फेरा पूर्ण केला. तुझे फोन येऊन गेलेले दिसले होते. मी लावला नाही."

ती कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली. ओरडली नाही. आपण नेहमी एका खोलीत राहतो आणि त्या खोलीला आणखी एक दार आहे हे एकदम दिसावं, तशी बघत होती. ते दार उघडून बघावं की समोर कपाट सरकवावं हे तिचं ठरत नव्हतं. "किती होतं?" तिनं शेवटी विचारलं. "खाणीपासून ब्याऐंशी." "सगळे?" "सगळे." तिनं मान हलवली. अजून एक गोष्ट माझ्या तोंडात होती, उतारावरची, 'बाजू!' म्हणून ओरडल्याची, आणि तोंड उघडलंही होतं मी. पण नर्स दारात आली, एक्स-रे तयार आहेत, डॉक्टर खाली बोलावताहेत म्हणाली. बायकोनं खोलीतल्या एकुलत्या एक खुर्चीवरची आपली पर्स उचलली. "बस इथे," ती मला म्हणाली. "मी येईपर्यंत त्याच्याजवळून हलायचं नाही." तो आवाज गळक्या नळाबद्दलचा नव्हता. कसला होता ते मला ओळखता आलं नाही, मी तो आधी ऐकलेला नव्हता.

मी बसलो. बाळनं डोळे मिटले होते. "ते उतारावरचं नका सांगू," तो डोळे न उघडता पुटपुटला. "सांगणार आहे," मी म्हटलं. "ती आली की." "हट्टी आहात," तो म्हणाला, आणि औषधाच्या गुंगीत त्याचा श्वास जड झाला. लिफ्टचं दार बंद झाल्याचा आवाज आला. आणि नेमका तेव्हा माझ्या उजव्या मांडीत पेटका आला. असा तसा नव्हे. मांडीच्या मागचा सगळा स्नायू गोळा होऊन दगड झाला, बोटं बुटात वाकडी व्हायला लागली, डोळ्यांपुढे पांढरं झालं. याला एकच उपाय असतो, ताबडतोब उठून पाय ताणून उभं राहायचं. मी खुर्चीचे दोन्ही हात धरले. दात दातांवर बसले. कॉरिडॉरमध्ये कोणाची तरी पावलं आली आणि दुसरीकडे गेली. बाळ घोरत होता. मांडी आतून पिळवटत होती आणि घाम चिखलातून वाट काढत मानेवर उतरत होता. मी दाराकडे बघत राहिलो, तिची वाट बघत. उठलो नाही.